दुर्बीण तिथवर गेलीच नव्हती: डाव्या फुफ्फुसातला एक अवघड डाग

धायरीला राहणाऱ्या ५७ वर्षांच्या एक काकू. अकरा वर्षांपासून शुगर, तंबाखू-सिगारेट आयुष्यात नाही, माहेर वेल्ह्याच्या बाजूचं आणि लग्नानंतरही बरीच वर्षं चुलीपुढेच स्वयंपाक. तक्रार म्हणाल तर अडीच महिने खोकला, चार किलो वजन उतरलेलं आणि एकदाच बेडक्यात रक्ताची रेघ. ताप? तर नाही म्हणाल्या. मग फिरवून फिरवून विचारलं तेव्हा निघालं की संध्याकाळी अंग जरा कढत लागतं, पण ते दमल्यामुळे असेल. आपल्याकडे घरातली बाई ताप आला असं पटकन म्हणत नाही, दमले म्हणते, त्यामुळे हा प्रश्न एकदा विचारून सोडून चालत नाही.

फॅमिली डॉक्टरांनी दोन वेळा अँटिबायोटिक दिली, फरक नाही म्हणून एक्सरे काढला. डावीकडे अगदी वर, कॉलरबोनच्या मागे अर्धी लपलेली सावली. मग सीटी झाला. डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे लोबच्या, एपिकोपोस्टेरियर (वरच्या-मागच्या) सेगमेंटमध्ये २.४ सेंटिमीटरची घट्ट गाठ, कडा काटेरी, प्लुराकडे (फुफ्फुसाच्या आवरणाकडे) ओढलेली एक दोरी, आणि फुफ्फुसाच्या मुळाशी नि श्वासनळीशेजारी एक सेंटिमीटरच्या वरच्या दोन-तीन लिम्फ नोड. गाठीच्या आजूबाजूला अगदी बारीक ठिपकेही होते, पण रिपोर्टमध्ये त्याला अर्धी ओळ मिळाली होती. एवढं वर्णन वाचलं की कुठलाही रेडिओलॉजिस्ट कॅन्सर लिहिणार, त्यात त्याची काही चूक नाही. पेट-स्कॅन केला तर गाठीचा एसयूव्ही, म्हणजे ती किती चमकते त्याचा आकडा, ८.६ आणि नोडसुद्धा चमकलेले. घरात रडारड सुरू झाली ती इथून.

काकू आमच्याकडे आल्या तोवर एका ठिकाणी ब्राँकोस्कोपी (श्वासनळीत दुर्बीण घालून तपासणी) होऊन गेली होती. ती साधी, नेहमीची. रिपोर्ट असा: नळीच्या आत कुठेही गाठ दिसली नाही, धुवून पाणी घेतलं, अंदाजाने तीन तुकडे घेतले. पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत, टीबीचे जंतू स्मिअरला (मायक्रोस्कोपखाली) नाहीत. तुकड्यांचा रिपोर्ट 'क्रॉनिक नॉन-स्पेसिफिक इन्फ्लमेशन, नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी'. थुंकीची तपासणीही निगेटिव्ह, अर्थात ती थुंकी म्हणजे लाळच होती असं काकू स्वतःच म्हणाल्या.

या रिपोर्टचे तीन अर्थ तीन जणांनी काढले. एकाने सांगितलं कॅन्सर नाही, टीबीच असणार, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा आणि दोन महिन्यांनी बघू. दुसऱ्याने सांगितलं पेट एवढा पॉझिटिव्ह आहे तर दुर्बिणीवर विश्वास ठेवू नका, सरळ लोब काढून टाका. तिसरा अर्थ घरच्यांनी काढला, की दुर्बिणीने बघितलंय आणि काही नाहीये म्हणजे देवाची कृपा. मला या तिन्हींपेक्षा आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्यासाठीच: तुकडे घेताना चिमटा डागात होता का? ते कुठल्याच कागदावर नव्हतं. ना फ्लुरोस्कोपीचा (चालू एक्सरेचा) फोटो, ना अल्ट्रासाऊंड, ना कुठल्या उपशाखेत गेलो त्याची नोंद.

नेहमीची स्कोप पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते. श्वासनळी फुटत फुटत जाते, तिच्या सुमारे २३ पिढ्या धरतात, आणि ही स्कोप त्यातल्या तिसऱ्या-चौथ्यापर्यंत डोळ्यांनी बघू शकते, त्यापुढे ती अडकते, शनिवार पेठेतल्या बोळात टेम्पो अडकावा तशी. गाठ त्याच्याही पुढे बाहेरच्या भागात असेल तर आतून बघणाऱ्याला सगळं गुलाबी, स्वच्छ, नॉर्मलच दिसणार. म्हणजे 'दुर्बीण नॉर्मल' हे वाक्य अशा डागाबद्दल काहीच सांगत नाही. आणि अंदाजाने घेतलेला तुकडा शेजारच्या फुफ्फुसाचा असला तर त्यात थोडी सूज निघणारच, गाठीशेजारचं फुफ्फुस सुजलेलं असतंच. त्या रिपोर्टला निगेटिव्ह म्हणायचं नाही, निदान झालं नाही एवढंच म्हणायचं. निगेटिव्ह तेव्हा, जेव्हा दुसरं काहीतरी ठाम निदान हातात येतं.

वरून ही जागा. डाव्या वरच्या लोबचा एपिकोपोस्टेरियर म्हणजे ब्राँकोस्कोपी करणाऱ्यांची नावडती गल्ली. डाव्या मुख्य नळीत उतरायचं, मग जवळजवळ उलटं वळून वर चढायचं. रिकामी स्कोप वळते हो, पण चॅनेलमधून चिमटा घातला की तिचं टोक ताठ होतं, वळण उलगडतं आणि आपण नकळत पुढच्या सेगमेंटमध्ये घसरलेले असतो. स्क्रीनवर तेव्हाही गुलाबी भिंतच दिसत असते.

काकूंचा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो, सगळं वाचून आला होता. पहिलाच प्रश्न, "मॅडम, सीटीत बघून बाहेरून सुई का नाही घालत? त्यात तर नव्वद टक्के निदान होतं असं वाचलं." बरोबर आहे, सीटी-गायडेड सुईचं निदान ९० टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं, आणि डाग छातीच्या भिंतीला चिकटलेला असता तर मी स्वतः तेच सांगितलं असतं, उगाच दुर्बिणीचा हट्ट नको. पण काकूंची गाठ बाहेरच्या भिंतीपासून तीनेक सेंटिमीटर आत, मागून खांद्याचं पातं आडवं, वरून पुढे सबक्लेव्हियन रक्तवाहिन्या, आणि सुईच्या वाटेतच दोन फुगलेले हवेचे फुगे, बुला. चुलीच्या धुराने सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) झालेला, एफईव्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात जोरात सोडलेली हवा, अपेक्षेच्या ५८ टक्के. अशा फुफ्फुसात सुई घालून हवा बाहेर साठली, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला, तर छातीत नळी घालून आठवडाभर पडून राहायची वेळ येऊ शकते. अमेरिकेत १५,००० च्या वर अशा सुई-बायॉप्सींचा हिशोब २०११ मध्ये छापून आला होता, त्यात न्यूमोथोरॅक्स १५ टक्के आणि नळी घालावी लागली ती ६.६ टक्क्यांत. सीओपीडीवाल्यांत हा धोका जास्त.

आणखी एक ताजी गोष्ट त्याला सांगितली. २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये व्हेरिटास नावाची ट्रायल आली, एक ते तीन सेंटिमीटरच्या गाठींमध्ये नॅव्हिगेशनल ब्राँकोस्कोपी (सीटीच्या नकाशावरून वाट दाखवणारी दुर्बीण) विरुद्ध बाहेरून सुई. अचूक निदान ७९ विरुद्ध ७३.६ टक्के, म्हणजे दुर्बीण कमी नाही पडली. न्यूमोथोरॅक्स मात्र ३.३ विरुद्ध २८.३ टक्के. हा फरक बघितला की मध्यभागाकडच्या गाठीला, खराब फुफ्फुसात, आधी आतून जाऊन बघावं हे पटतं. पण ते आकडे रोज हेच काम करणाऱ्या सेंटरचे, हेही सांगायला हवं. उलट बाजूला अमेरिकेतल्याच अ‍ॅक्वायर नावाच्या रजिस्ट्रीत, रोजच्या प्रॅक्टिसमध्ये, रेडियल अल्ट्रासाऊंड (स्कोपमधून आत जाणारा बारीक प्रोब) वापरून ५७ टक्के आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक नॅव्हिगेशन वापरून ३८.५ टक्केच निदान झालं होतं, आणि काहीच न वापरता ६३.७! याचा अर्थ मशीन बिनकामाची असा नाही, अवघड गाठींनाच मशीन वापरतात म्हणून आकडे तसे दिसतात, पण मशीन आणलं की निदान झालं हा भ्रम त्या आकड्यांनी नक्की जातो.

"रोबोट नाही का तुमच्याकडे?" हा दुसरा प्रश्न. नाही. मोनार्क नावाच्या रोबोटला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१८ मध्ये, आयनला २०१९ मध्ये. दोन्हींचा खरा फायदा असा की बारीक कॅथेटर लांबवर जातं आणि महत्त्वाचं म्हणजे वळलेल्या जागी टिकून राहतं, हत्यार घातल्यावर घसरत नाही. म्हणजे काकूंच्या त्या उलट्या वळणासाठी चांगलंच झालं असतं, मी खोटं कशाला बोलू. पण रोबोट हा वाट दाखवणारा आणि हात धरून ठेवणारा, डागाच्या आत आहोत का हे बघायला त्यालाही रेडियल अल्ट्रासाऊंड किंवा कोन-बीम सीटी (टेबलवरच काढायचा सीटी) लागतोच. आमच्याकडे बारीक स्कोप होती, रेडियल ईबस (तोच रेडियल अल्ट्रासाऊंड) होतं, सी-आर्म (फिरवता येणारा एक्सरे) होता, टेबलशेजारी मायक्रोस्कोप घेऊन बसणाऱ्या सायटॉलॉजीच्या मॅडम होत्या. या शेवटच्या गोष्टीला मी रोबोटच्या वर ठेवते, वाद घालायचा असेल तर घालू.

सर्जरीचं काय? सरळ लोब काढा हा सल्ला परदेशी पुस्तकाप्रमाणे अगदीच चुकीचा नव्हता. पण पेट-स्कॅन जिथे टीबी किंवा बुरशीचे आजार कॉमन आहेत तिथे फसवतो. २०१४ मध्ये जामामध्ये यावरच्या अभ्यासांचा एक मोठा एकत्रित आढावा आला होता, अशा भागांमध्ये पेटची स्पेसिफिसिटी, म्हणजे कॅन्सर नसताना तो नाही असं बरोबर सांगण्याचं प्रमाण, ६१ टक्के आणि इतर ठिकाणी ७७ टक्के. आपण तर टीबीच्या देशात राहतो, जिवंत टीबीची गाठ साखर खाऊन कॅन्सरएवढीच चमकते. शिवाय कॅन्सर असताच आणि श्वासनळीशेजारचा नोडही त्याचाच असता, तर तो एन-टू, म्हणजे छातीच्या मधल्या नोडपर्यंत पसरलेला, झाला असता आणि मग आधी ऑपरेशन हा बेतच बदलला असता. ५८ टक्के एफईव्ही-वनच्या बाईचा आख्खा लोब नोड न तपासता काढायचा, हे मला तरी झेपत नाही.

मग तयारी. इथे वेळ घालवावा लागतो आणि इथेच बहुतेक ठिकाणी घालवत नाहीत. जुना सीटी पाच मिलिमीटरच्या स्लाइसचा होता, त्यावर बारीक नळ्या दिसतच नाहीत, म्हणून सेंटरला फोन करून मूळ डेटावरून एक मिलिमीटरच्या स्लाइस पुन्हा बनवून घेतल्या, परत स्कॅन नाही, परत खर्च नाही (हे करता येतं हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि काही दिवसांनी सेंटर मूळ डेटा काढून टाकतं, तेव्हा लगेच मागावा). मग आमचा डीएनबी शिकणारा डॉक्टर पोरगा आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मुख्य नळीपासून एकेक फाटा मोजत, इमेज फिरवून घेत, म्हणजे आपण स्कोप घेऊन चढताना फाटा डावीकडे दिसेल की उजवीकडे ते लिहीत. गाठीपर्यंत एक बारीक नळी जाताना दिसली. याला ब्राँकस साइन म्हणतात, आणि माझ्या मते हा एकच मुद्दा ठरवतो की आतून जायचं की नाही. नळी गाठीत शिरत असेल तर निदानाची शक्यता बरीच वाढते, नसेल तर कितीही भारी मशीन घ्या, आपण भिंतीपलीकडच्या गाठीभोवती फिरत राहतो. काकूंची नळी शिरत नव्हती पूर्ण, कडेला टेकून जात होती. म्हणजे अर्धा होकार. त्यावरून आधीच ठरवलं की नुसत्या चिमट्यावर भागणार नाही, भिंत भेदून पलीकडे जाणारी सुई लागणार.

सुई लागणार म्हटल्यावर स्कोपही ठरली. तीन मिलिमीटरची अल्ट्राथिन सगळ्यात लांब गेली असती पण तिचं चॅनेल १.७ मिलिमीटरचं, आमच्याकडची बारीक सुई त्यात जात नाही. म्हणून चार मिलिमीटरच्या आसपासची थिन स्कोप, दोन मिलिमीटर चॅनेलची. एक-दोन फाटे कमी गेलो तरी चालेल पण हत्यार जायला हवं. काकूंची ॲस्पिरिन चालू ठेवली, ती बंद करायची गरज नसते, क्लोपिडोग्रेल असती तर पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागली असती.

भूल पूर्ण दिली, ८ नंबरची ट्यूब. भूलतज्ज्ञ सरांशी आदल्या दिवशी बोलणं झालं होतं कारण पूर्ण भुलीत फुफ्फुसाचे खालचे-मागचे भाग काही मिनिटांत मिटायला लागतात, शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर आणखी लवकर, आणि मिटलेलं फुफ्फुस रेडियल अल्ट्रासाऊंडवर हुबेहूब गाठीसारखं दिसतं. आपण खुशीत तुकडे घेतो आणि रिपोर्ट येतो नॉर्मल फुफ्फुस. शिवाय सीटी काढताना पूर्ण श्वास भरलेला असतो, टेबलवर नसतो, त्यामुळे गाठ सीटीत होती तिथून सरकलेली असते. म्हणून ऑक्सिजन लागेल तेवढाच, ट्यूब गेल्यावर फुफ्फुस फुगवून घेणं आणि पीप (श्वास सोडल्यावरही आत ठेवलेला दाब) ८ ते १०. बुला असल्यामुळे सरांनी ८ वरच ठेवलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

क्रमाचाही विचार केला. कॅन्सरच्या संशयात आधी लिनियर ईबसने (टोकाला अल्ट्रासाऊंड असलेल्या वेगळ्या स्कोपने) नोड तपासायचे, लांबच्यापासून जवळच्याकडे, आणि मग गाठ, हा नियम. आम्ही उलटं केलं, आधी गाठ, कारण नोडमध्ये अर्धा तास गेला असता तोवर फुफ्फुस मिटलं असतं. नोडसाठी स्कोपही वेगळी आणि सुईही वेगळी घ्यायची होती, त्यामुळे गाठीतल्या पेशी नोडच्या नमुन्यात मिसळण्याची भीती तेवढी कमी.

आत गेल्यावर कागदावरचे फाटे पाचव्यापर्यंत जुळले. तिथून रेडियल प्रोब पुढे सरकवला. २० मेगाहर्ट्झचा, जाडी दीड मिलिमीटरच्याही आत, स्वतःभोवती ३६० अंशात बघतो. नॉर्मल फुफ्फुसात हवा असल्यामुळे स्क्रीनवर पांढरी भुरभुर दिसते, स्नोस्टॉर्म म्हणतात, आणि गाठ आली की करडा घट्ट भाग नि त्याची कड उजळ. पहिल्या फाट्यात नुसती भुरभुर. बाहेर काढून शेजारच्या फाट्यात घातला तर करडा भाग आला पण एका बाजूला, प्रोब गाठीच्या कडेला टेकलेला. याला एक्सेंट्रिक म्हणतात. प्रोब गाठीच्या मधोमध असेल, कॉन्सेंट्रिक, तर निदान ८० टक्क्यांच्या आसपास होतं, कडेला असेल तर ते निम्म्याच्या आसपास घसरतं. तिसरा फाटा बघितला, तिथेही एक्सेंट्रिक पण जास्त मोठा भाग. सीटीने आधीच सांगितलं होतं तेच. सी-आर्म फिरवून दोन कोनांतून खात्री केली, प्रोब गाठीवरच.

प्रोब काढून स्कोप तिथेच ठेवली आणि २१ गेजची लवचिक सुई घातली. अपेक्षेप्रमाणे टोक ताठ झालं, स्कोप घसरली, परत चढवली, असिस्ट करणाऱ्या सिस्टरने तोंडाशी स्कोप घट्ट धरून ठेवली तेव्हा टिकली. सुई नळीच्या भिंतीतून गाठीच्या बाजूला. दोन पास झाल्यावर स्लाइड शेजारच्या टेबलवर. रोझ म्हणजे तिथल्या तिथे स्लाइड रंगवून बघणं, दोन-तीन मिनिटांचं काम. मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "ब्राँकियल सेल्स आणि रक्त. गाठीत नाही आहात." हे ऐकायला आवडत नाही पण हेच ऐकायला त्यांना बसवलेलं असतं. पहिल्या वेळी दुसरीकडे हे सांगणारं कोणी नव्हतं, एवढाच काय तो फरक.

सुईचा कोन बदलला, थोडं मागे येऊन भेदलं. परत स्लाइड. यावेळी "नेक्रोसिस आहे. एपिथेलिऑइड सेल्स. ग्रॅन्युलोमा वाटतोय. मॅलिग्नंट काही नाही." खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला पण थांबायचं नव्हतं. ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतो तसा सुजेच्या पेशींचा पुंजका) दिसला म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही, कॅन्सरच्या गाठीच्या कडेला आणि तिचं पाणी ज्या नोडमध्ये जातं तिथे प्रतिक्रिया म्हणून ग्रॅन्युलोमा होऊ शकतात, सार्कॉइड नावाच्या आजारात होतात तसे. म्हणूनच नुसते नोड टोचून मोकळं व्हायचं नाही असं आधी ठरवलं होतं. नोड सोपे होते, पण नोडमधल्या ग्रॅन्युलोमाने गाठीचा खुलासा झाला नसता. आता त्याच वाटेने चिमटा घालून सात तुकडे घेतले. १.१ मिलिमीटरचा क्रायोप्रोब तयार ठेवला होता, त्याने मोठा तुकडा येतो, गोठवून ओढायचा, पण रक्तस्राव जास्त, आणि रोझवर गाठीतला माल मिळतोय म्हटल्यावर तो उघडायची गरज पडली नाही.

आता बाटल्या, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपल्याकडे तुकडा निघाला की हात आपोआप फॉर्मेलिनच्या बाटलीकडे जातो. फॉर्मेलिनमध्ये टीबीचा जंतू मरतो, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, विसरा. पहिल्या वेळी तिन्ही तुकडे फॉर्मेलिनमध्ये गेले होते, धुतलेल्या पाण्यावर फक्त स्मिअर केला होता, सीबीनॅट (जंतूचे जनुक शोधणारी तपासणी) नाही, कल्चर नाही. म्हणजे समजा चिमटा गाठीत असता तरी टीबी सिद्ध करता आला नसता. आम्ही चार तुकडे फॉर्मेलिनमध्ये, दोन साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट आणि एमजीआयटी कल्चरसाठी, एक वेगळ्या सलाइनमध्ये बुरशीसाठी, कारण शुगरचा तीन महिन्यांचा आकडा, एचबीएवनसी, ९.४, बुरशीही तशीच गाठ करू शकते. सुईचा उरलेला माल सेल ब्लॉकला, म्हणजे पेशी मेणात बसवून ठेवायला. कॅन्सर निघाला असता तर ईजीएफआर, एएलके, आरओएस-वन, पीडी-एलवन एवढ्या सगळ्या, औषध ठरवणाऱ्या, तपासण्यांना त्यातूनच भागवायचं होतं, आणि पॅथॉलॉजीला फॉर्मवर लिहून दिलं होतं की टिश्यू जपून वापरा, आधीच दहा स्टेन करून संपवू नका. कुठली शक्यता किती आहे ते टेबलवर जायच्या आधी ठरवलं तरच बाटल्या बरोबर भरतात.

नंतर लिनियर ईबसने डावे ११-एल (फुफ्फुसाच्या मुळाजवळचा) आणि ४-एल (श्वासनळीशेजारचा) नोड टोचले, तिथेही रोझवर ग्रॅन्युलोमा. थोडं रक्त आलं होतं ते थंड सलाइनने थांबलं. सगळा वेळ सगळ्यांना एन-९५, कारण टीबीच्या संशयात खोकला निर्माण करणारं हे काम. दोन तासांनी एक्सरे, न्यूमोथोरॅक्स नाही. काकू संध्याकाळी चहा-बिस्किट खाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी घरी.

सीबीनॅटचा रिपोर्ट दुसऱ्याच दिवशी: टीबीचा जंतू सापडला, प्रमाण लो, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नाही. हिस्टोपॅथॉलॉजी चार दिवसांनी, नेक्रोटायझिंग ग्रॅन्युलोमा, कॅन्सर नाही. कल्चर तिसऱ्या आठवड्यात वाढलं, एलपीएवर (औषध चालेल का ते सांगणाऱ्या तपासणीत) आयसोनियाझिडलाही सेन्सिटिव्ह. बुरशी निगेटिव्ह.

मुलाने लगेच विचारलं, "म्हणजे ते पहिले डॉक्टर बरोबर होते, एकेटी सुरू केली असती तर हे सगळं वाचलं असतं?" प्रश्न रास्त आहे. निदान तेच निघालं म्हणून सल्ला बरोबर होता असं मी मानत नाही. त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर कॅन्सर तितकाच शक्य होता, आणि एकेटी देऊन दोन महिने बघू म्हणताना ते दोन महिने कोणाच्या खात्यातून जातात? आपल्या ओपीडीत एकेटीवर चार-सहा महिने काढून मग चौथ्या स्टेजला आलेले पेशंट सगळ्यांनीच बघितलेत. दुसरं, जंतू हातात नसता तर रेझिस्टन्स कळला नसता, गाठ कमी नाही झाली तर औषध चुकलं की निदान चुकलं हे सांगायला काही उरलं नसतं. मुलाला पटलं की नाही माहीत नाही, खर्चाची पावती हातात असताना पटणं अवघडच.

एचआरझेडई (टीबीची चार औषधं) दोन महिने आणि मग एचआरई (त्यातली तीन) चार महिने, वजनाप्रमाणे गोळ्या, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंदणी, पोषणासाठीचे महिन्याला १,००० रुपये खात्यात. काकूंना पैशापेक्षा काळजी दुसरीच होती, "सोसायटीत कळायला नको हो". थुंकीत जंतू नाहीत त्यामुळे तुमच्यापासून दुसऱ्याला धोका फार कमी, हे सुनेला समोर बसवून सांगितलं, ताट-वाटी वेगळी करायची नाही हेही. गंमत म्हणजे आठवड्यापूर्वी ज्या घरात कॅन्सरच्या भीतीने जेवण उतरत नव्हतं तिथे टीबी म्हटल्यावर आधी सुटकेचा आनंद आणि मग दोन तासांत लाज. शुगरची गोळी ग्लिमेपिराइड होती, रिफाम्पिसिनने तिचा असर कमी होतो, म्हणून इन्सुलिनवर आणलं. एथॅम्ब्युटॉल आहे आणि शुगरमुळे डोळे आधीच नाजूक, म्हणून सुरुवातीलाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजर आणि रंग तपासून घेतले.

दोन महिन्यांनी सीटी ठरलेलाच होता, तो कुणी बरं वाटतंय म्हणून टाळू नये. टीबी सिद्ध झाला तरी त्याच जागी कॅन्सर शेजारी असू शकतो, जुन्या डागात तो होतोही. त्यामुळे आम्ही फाइलवर आधीच लिहून ठेवलं होतं: गाठ ठळक कमी झाली नाही तर परत बायॉप्सी, वाढली तर सर्जनकडे. गाठ १.५ सेंटिमीटरवर आली, नोड निम्मे, काकूंचं वजन तीन किलो वाढलं. सहा महिन्यांनंतर त्या जागी आठ मिलिमीटरचा पट्टा, मध्ये कॅल्शियमचा कण. औषध बंद. एक वर्षाने आणखी एक लो-डोस सीटी आहे. तो पट्टा तसाच असला तर फाइल मिटवायची, वाढलेला दिसला तर पुन्हा टेबलवर, आणि त्या वेळी टीबी होऊन गेलाय हे विसरून कॅन्सर शोधायलाच जायचं.